पुरात गेलेले फोटो पुन्हा कागदावर: एका घराने लॅब कशी निवडली

पार्श्वभूमी

पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या ज्या गल्ल्यांत आधी शिरतं, त्यातल्याच एका गल्लीत हे घर आहे. घरात आक्का, त्यांचा थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला, सून शाळेत शिकवते. लेक पुण्यात दिली आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांना गेलं की धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेलं. या घराला २००५ चा पूर आठवत होता. तेव्हा पाणी उंबऱ्याला लागून परतलं होतं. त्याच अंदाजाने २०१९ ला अल्बम कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवले आणि सगळे पाहुण्यांकडे गेले. पाणी विजेच्या बटणांपर्यंत चढलं. भिंतीवरची ती रेघ रंग दिल्यावरही पावसाळ्यात ओल धरते.

पाच अल्बम गेले. खरं तर ते पाण्याने गेले नाहीत, नंतरच्या घाईने गेले, आणि हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. पाणी ओसरल्यावर अल्बम जसेच्या तसे गच्चीवर उन्हात ठेवले. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर भिजला की फुगतो आणि चिकट होतो. तो तसाच वाळला की समोरच्या फोटोला किंवा प्लॅस्टिकला कायमचा धरतो. ओले फोटो वाळू न देता स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे केले असते आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरले असते, तर बरेच हाती लागले असते. दोन दिवसांत तेवढी सवड मिळणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, म्हणजे बिघाड थांबतो. पण चिखल उपसणाऱ्या घराला त्या वेळी हे कोण सांगणार होतं?

अडचण

२०२४ च्या डिसेंबरात आक्कांची पंचाहत्तरी होती. ऑक्टोबरात वहिनींचा, म्हणजे सूनबाईंचा, मला फोन आला. मी काही वर्षं एका कलर लॅबच्या काउंटरवर काम केलं आहे, म्हणून माझी आठवण झाली. त्या म्हणाल्या, "नातेवाइकांकडून सगळे फोटो गोळा केलेत. फक्त कुठं धुवायला टाकायचे तेवढं सांगा."

पेन ड्राइव्हमध्ये चारशेच्या वर फाइली होत्या. एकच फोटो चार-चार जणांनी पाठवलेला. दुबार काढून आणि निवडून १४८ उरले. त्यांची मापं बघितल्यावर खरी अडचण दिसली. १४८ पैकी ६१ फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेले होते. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात, २०० ला हातात धरून बघायला चालून जातं. १६०० ला ८ इंचांनी भागलं तर २०० येतात. पण तोच फोटो ८×१२ वर काढला तर इंचाला १३३ उरतात आणि चेहरे मऊ पडतात. मोबाइलच्या पडद्यावर यातलं काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. मोबाइलचा फोटो बहुतेक ४:३ प्रमाणाचा असतो. आपल्याकडे फोटो म्हटलं की ४×६, आणि ते प्रमाण ३:२ आहे. कागद पूर्ण भरायचा तर आडव्या फोटोचा वर-खालचा मिळून नववा हिस्सा कापला जातो.

म्हणजे "कुठं टाकायचे" हा प्रश्न दुसरा होता. "काय टाकायचं" हा पहिला.

पर्याय

लेकीने पुण्याहून ऑनलाइन सेवा सुचवली. घरबसल्या अपलोड करायचं, दर सगळ्यात कमी, फोटो कुरिअरने दारात. तिच्या मुलाच्या वाढदिवसाचे तिथून आलेले फोटो खरोखर नीट होते. पण त्यांच्या यादीत ६×८ हे मापच नव्हतं, आणि दिवाळी तोंडावर असल्याने पोचायची तारीख ते नक्की सांगत नव्हते.

आक्कांच्या मुलाचं म्हणणं शहरातल्या मोठ्या कलर लॅबकडे द्यायचं. तिथे फोटोचा खरा रासायनिक कागद वापरतात. लेसरच्या उजेडाने कागदावर चित्र उमटवतात, मग तो डेव्हलपर, ब्लीच-फिक्स या रसायनांच्या आणि धुण्याच्या टाक्यांतून जातो. आपण अजूनही "फोटो धुवायला टाकले" म्हणतो, ते तिथे शब्दशः खरं आहे.

तिसरा पर्याय घराजवळचा छोटा स्टुडिओ. पासपोर्ट फोटो काढतात तिथलं डाय-सब्लिमेशन यंत्र रिबिनीवरून पिवळा, किरमिजी आणि निळसर रंग एकामागून एक उष्णतेने चढवतं आणि वर पारदर्शक थर देतं. फोटो मिनिटभरात कोरडा हातात. वरच्या थरामुळे पाण्याचे शिंतोडे सहन होतात, आणि या घराला ते महत्त्वाचं वाटणं साहजिक होतं.

डिजिटल प्रेसवाल्याकडे आर्ट पेपरवर छापून पुस्तक बांधून घ्यायचं, असं धाकट्या जावयांनी सुचवलं. त्यातला टोनरचा, म्हणजे शाईच्या भुकटीचा, दाणा जवळून दिसतो आणि एखादं पान बदलता येत नाही, म्हणून ते लवकर बाजूला पडलं. घरी प्रिंटर घेणंही पडलं. साधी डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पाणी लागलं की पसरते. पूर बघितलेल्या घरात ती नकोच, असं मीच ठामपणे सांगितलं.

चाचणी

तीन पर्याय उरले. दरपत्रकं समोर ठेवून तासभर वाद झाला, तेव्हा मी म्हटलं की तेच सहा फोटो तिन्हीकडून काढून आणू. एकूण खर्च चारशे रुपयांच्या आसपास आला.

सहा फोटो मुद्दाम अडचणीचे निवडले. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलालाने माखलेला मुलगा. लग्नातला, मागच्या रांगेत फेटे बांधलेल्या पुरुषांचा समूह. दिवाळीच्या पणत्यांजवळचा अंधारातला फोटो. नऊवारीतल्या आक्का अगदी जवळून. व्हॉट्सअॅपवरून आलेला एक. आणि आक्का-आण्णांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो, जो इचलकरंजीच्या मावशींकडे होता म्हणून वाचला.

प्रिंट आल्यावर मागे अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या आणि सकाळी दहाच्या उजेडात पडवीत सतरंजीवर मांडल्या. ट्यूबलाइटखाली फोटो बघून रंग ठरवू नये, एवढंच मी सांगितलं. कुठला कुणाचा हे वहिनी आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हतं.

आक्का खाली बसल्या आणि त्यांनी आधी गुलालाचा फोटो उचलला. तिन्ही हातात घेतले. एक लगेच बाजूला टाकला. "ह्याला काय झालंय? आजारी दिसतोय पोरगा." खरंच, त्या प्रिंटमध्ये गुलाल विटकरी झाला होता आणि कानामागची, गुलाल न लागलेली कातडी हिरवट-राखी पडली होती. तो प्रिंट मोठ्या लॅबचा होता.

कारण मला लगेच कळलं. लॅबच्या यंत्रात आपोआप रंगदुरुस्ती असते. सगळा फोटो एका रंगाकडे झुकला असेल तर उजेडात दोष आहे असं धरून यंत्र उलट रंग चढवतं. बल्बच्या पिवळ्या उजेडातल्या फोटोला ते उपकारक आहे. पण जोतिबाच्या डोंगरावर गुलाबी रंग हा दोष नसतो, तिथे सगळं गुलाबीच असतं. यंत्राने गुलाल धुऊन काढायचा प्रयत्न केला आणि मुलाचा चेहरा बिघडवला.

ऑनलाइनचा गुलाल बरा होता, कागदही चांगला. पण फेट्यांच्या फोटोत त्यांनी ४×६ भरण्यासाठी वर-खाली कापलं होतं. मधोमध उभ्या असलेल्या आण्णांच्या फेट्याचा तुरा गेला. आण्णा आता नाहीत. त्यांचा फेट्यातला हा एकच फोटो घरात उरला आहे. आक्कांच्या मुलाने तो प्रिंट बघितला आणि काही न बोलता परत ठेवला.

छोट्या स्टुडिओचा गुलाल चांगला, तुराही शाबूत, कारण स्टुडिओवाल्याने स्वतः विचारून पांढरी किनार ठेवली होती. मात्र पणत्यांच्या फोटोत काळोखातले बारकावे बुजले आणि आक्कांच्या नऊवारीचा जांभळा निळ्याकडे गेला. कृष्णधवल फोटो तिघांकडेही थोडा रंगीत आला. एकाचा हिरवट, दुसऱ्याचा तांबूस. रंगीत कागदावर करडा रंग तीन रंगांच्या मिश्रणाने होतो, त्यातला एक जरा सरकला तरी डोळ्याला कळतं.

निर्णय

या टप्प्यावर सरळ हिशोबाने स्टुडिओ पहिला होता. मलाही तसंच वाटलं. वहिनींनी मात्र मोठ्या लॅबचा नाद सोडला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: "चुकलेला फोटो घेऊन त्यांच्याकडं जाऊ या. काय म्हणतात बघू या."

दोघं गेलो. यंत्रावर बसणाऱ्या माणसाने गुलालाचा प्रिंट बघितला, फाइल उघडली आणि म्हणाला, "वहिनी, हे ऑटोनं केलंय. तुम्ही आधी सांगायला पायजे होतं." मग त्याने दुरुस्ती बंद करून तोच फोटो पुन्हा काढला. पणत्यांचा फोटो मात्र दुरुस्तीशिवाय आणखी काळा आला. तेव्हा त्याने तो हाताने उजळून तीन छटांत काढून दाखवला. वीस मिनिटं गेली. त्याने जादा पैसे घेतले नाहीत.

निर्णय तिथेच झाला. पहिल्या फेरीत जिचा फोटो सगळ्यात वाईट आला होता, तीच लॅब निवडली. एवढ्या फोटोंच्या कामात पाच-दहा चुकणारच. ते चुकल्यावर यंत्राजवळच्या माणसाशी समोर बसून बोलता येतं की नाही, हे आम्हाला पहिल्या प्रिंटपेक्षा मोठं वाटलं. ऑनलाइन सेवेकडे तुऱ्याची तक्रार केली तेव्हा पैसे परत मिळाले, तेही विनातक्रार. पण फोटो परत काढून द्या म्हटल्यावर पुन्हा अपलोड करा, एवढंच उत्तर आलं.

मापाचा निर्णय जास्त जड गेला. तेव्हा ४×६ चा प्रिंट १२ रुपयांना होता, ६×८ चा ३० ला. ६×८ हे नेमकं ४:३ आहे, म्हणजे मोबाइलचा फोटो न कापता बसतो, आणि व्हॉट्सअॅपच्या फाइलीही त्यावर चालून जातात. पण १४८ फोटोंचे ४,४४० रुपये झाले असते आणि घराने एकूण पाच हजार ठरवले होते, त्यात अल्बम आणि मोठा फोटोही बसवायचा होता. ४×६ घेतलं तर १,७७६ मध्ये सगळे आले असते, पांढरी किनार ठेवून. मुलगा त्या बाजूचा. आक्कांनी दोन्ही मापं डोळ्यांजवळ धरली. मोतीबिंदूची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची राहिलेली. त्या म्हणाल्या, "थोडं असू देत, पण मोठं असू देत." मग २८ फोटो कमी केले आणि १२० फोटो ६×८ वर, ३,६०० रुपयांना काढायचं ठरलं. ते २८ फोटो निवडायला या घराला अख्खा रविवार लागला.

लग्नाचा कृष्णधवल फोटो लॅबला द्यायचा नाही, हेही ठरलं. शहरात चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती काढून देणारा एक छोटा व्यवसाय आहे. तो पिगमेंट शाईने, म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईने, काळ्या-करड्या अनेक शायांनी जाड मॅट (चकाकी नसलेल्या) कागदावर छापतो. बाबूराव पेंटरांच्या गावात अशी माणसं शोधावी लागतात, पण सापडतात. मूळ फोटो जेमतेम ३×४ इंचाचा होता. तो १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेलवर, स्कॅन केला की ३६००×४८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे १२×१६ इंचाला इंचामागे बरोबर ३००.

काम कसं झालं

आधी मूळ फाइली मागवल्या. नातेवाइकांना वहिनींनी एकच संदेश केला: फोटो गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. ६१ पैकी ३८ मूळ फाइली मिळाल्या. बाकीच्यांचे फोन बदलले होते किंवा हरवले होते.

गडहिंग्लजच्या मामांनी जुन्या अल्बममधल्या फोटोंचे मोबाइलने फोटो काढून पाठवले होते, त्यात वरच्या प्लॅस्टिकची चकाकी आली होती. ते अल्बमच मागवून घेतले आणि फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले. त्या काळचा साडेतीन बाय पाच इंची फोटो असा स्कॅन केला की २१००×३००० पिक्सेल होतो आणि ६×८ ला निवांत पुरतो.

फाइलींना ००१ ते १२० असे आकडे दिले. पेन ड्राइव्हवर फक्त प्रती ठेवल्या, मूळ फाइली घरच्या हार्ड डिस्कवर. लॅबच्या संगणकात दिवसाला कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात, तिथून व्हायरस येऊ शकतो. सोबत एका कागदावर सूचना लिहून दिल्या: आपोआप रंगदुरुस्ती नको, कापायचं नाही, जागा उरली तर पांढरी किनार, कागद मॅट, म्हणजे बोटांचे ठसे उठून दिसत नाहीत. तो कागद लॅबवाल्याने यंत्राला चिकटवला. काम झाल्यावर फाइली पुसून टाकायला सांगितलं, त्याने आमच्यासमोर पुसल्या.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे अल्बम सुरू होतात आणि लॅबला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून काम दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्यामधल्या दिवसांत दिलं. चार दिवसांत मिळालं.

निकाल

१२० पैकी १०८ फोटो पहिल्याच वेळी बरोबर आले. तीन काळे आले होते, ते लॅबने विनामूल्य पुन्हा काढले. उरलेल्या नऊ फोटोंची चूक आमची होती. आकडे देताना भाच्याच्या फोल्डरमधल्या मूळ फाइलींऐवजी व्हॉट्सअॅपच्या जुन्या प्रती गेल्या होत्या. त्या बऱ्या दिसत होत्या, पण शेजारी मूळ फाइलीचा प्रिंट ठेवल्यावर साडीच्या काठाची नक्षी कुठे संपते ते कळत नव्हतं. ते नऊ पैसे देऊन परत काढले.

लॅबने लॅमिनेशनचा आग्रह केला, आम्ही नको म्हटलं. अल्बमही चिकट पानांचा घेतला नाही, कारण त्याचा गोंद वर्षांनी फोटोला पिवळा करतो आणि फोटो सोडत नाही. जाड कागदाच्या पानांवर कोपऱ्यांत खोचलेले फोटो ठेवले. हवा तो काढता येतो. अल्बम आता वरच्या मजल्यावर, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. फाइलींची दुसरी प्रत मावशींकडे ठेवायची चर्चा होती, पण इचलकरंजीही पंचगंगेच्याच काठची. म्हणून ती पुण्याला लेकीकडे गेली.

मोठा फोटो, चौकट आणि अल्बम धरून खर्च सहा हजारांच्या थोडा वर गेला. जादाचा भाग लेकीने उचलला.

पंचाहत्तरीच्या दिवशी ओवाळून झाल्यावर अल्बम आक्कांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानं उलटली नाहीत. आण्णांचा फेट्यातला फोटो शोधला, तुऱ्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तसंच पान धरून बसल्या. मॅट कागद घेतल्याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

रंगदुरुस्तीची सूचना चाचणीच्या वेळीच द्यायला हवी होती. मी काउंटरवर काम केलेला माणूस, मला ते माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही, कारण साध्या गिऱ्हाइकाला काय मिळतं ते बघायचं होतं. त्यात एक आठवडा गेला आणि लॅबवर थोडा अन्याय झाला.

चाचणीही ६×८ वरच करायला हवी होती. ४×६ वर चाचणी घेतल्यामुळे ऑनलाइन सेवेचा तुरा कापला गेला आणि ती तिथेच बाद झाली. त्यांच्याकडे ६×८ नव्हतं, तरी ५×७ वर साधारण विसावाच भाग गेला असता. कदाचित तुरा वाचला असता. निर्णय बहुधा तोच राहिला असता, पण तुलना जास्त सरळ झाली असती.

दोन फाइलींतली कुठली मूळ हे नावावरून कळत नाही, म्हणून आकडे देण्याआधी प्रत्येक फाइलीची पिक्सेलमधली मापं तपासायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम होतं. शिवाय फोटो उजळ आहे की काळा हे आम्ही पूर्ण उजेडाच्या मोबाइलवर ठरवलं. पडद्याचा उजेड निम्मा करून बघितलं असतं, तर ते तीन काळे फोटो आधीच कळले असते.

२३ फोटोंच्या मूळ फाइली अजून मिळालेल्या नाहीत. मध्यंतरी गडहिंग्लजच्या मामांना माळ्यावर आण्णांच्या तरुणपणाच्या निगेटिव्हची एक पत्र्याची पेटी सापडली. वहिनींनी ती मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, घरी आणायचं ठरवलं आहे.